रासायनिक समीकरणं जुळवणं आणि अभिक्रियांचे प्रकार ओळखणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरला रामबागेतल्या माझ्या घरी नववी ते अकरावीची मुलं रसायनशास्त्र शिकायला येतात. घरी मराठी, शाळेत हिंदी किंवा इंग्रजी, आणि अभ्यासाला बसवणारी आजी मराठीत शिकलेली, असं बहुतेक घरांचं चित्र आहे. त्यामुळे तेच तेच प्रश्न फोनवर पुन्हा पुन्हा येतात. मुलांचे येतात, आयांचे येतात, आणि आजोबांचेही येतात. ते सगळे इथे एकत्र लिहिले आहेत.

एक सूचना आधीच. घरातली मोठी माणसं हे पान मोठ्याने वाचून दाखवतात, म्हणून सूत्रं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत आणि लांब सूत्रांत वाचायच्या सोयीसाठी मध्ये आडवी रेघ घातली आहे. उत्तरपत्रिकेत मात्र सूत्रं पुस्तकात असतात तशी रोमन अक्षरांतच आणि रेघेशिवाय लिहायची.

१. काकू, समीकरण ‘जुळवायचं’ म्हणजे नक्की काय करायचं?

बाणाच्या डावीकडे प्रत्येक मूलद्रव्याचे जितके अणू आहेत, तितकेच उजवीकडे दिसले पाहिजेत. त्यासाठी सूत्रांच्या आधी आकडे लिहायचे. या आकड्यांना सहगुणक म्हणतात. हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी होतं हे नुसतं लिहिलं तर असं दिसतं:

एच₂ + ओ₂ → एच₂ओ

डावीकडे ऑक्सिजनचे दोन अणू, उजवीकडे एक. म्हणून पाण्याचे दोन रेणू घ्यावे लागतात, आणि मग हायड्रोजनचेही दोन:

२ एच₂ + ओ₂ → २ एच₂ओ

आता दोन्हीकडे हायड्रोजन चार, ऑक्सिजन दोन. काम झालं.

२. पण कागद जळला की राख हलकीच भरते. मग दोन्ही बाजू सारख्या कशा?

हा प्रश्न विचारणारं मूल मला फार आवडतं, कारण त्याने पुस्तकाच्या आधी डोळ्यांवर विश्वास ठेवलेला असतो. राख हलकी भरते, कारण कागदातला कार्बन आणि हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जोडले जाऊन कार्बन डायऑक्साइड आणि वाफेच्या रूपात निघून जातात. तराजूवर उरते फक्त राख. बंद भांड्यात जाळलं आणि आतला वायूही तोलला, तर वजन तेवढंच भरतं.

उलटं उदाहरणही बघा. मॅग्नेशियमची फीत जाळली की पांढरी राख फितीपेक्षा जड भरते, कारण तिने हवेतला ऑक्सिजन घेतलेला असतो. ४८ ग्रॅम मॅग्नेशियम ३२ ग्रॅम ऑक्सिजन घेतं आणि ८० ग्रॅम मॅग्नेशियम ऑक्साइड देतं. बंद भांड्यांतली अशी तोलामापं करून फ्रान्सच्या लव्हाझिए यांनी १७८९ मध्ये स्पष्ट लिहून ठेवलं, की अभिक्रियेच्या आधीचं आणि नंतरचं वस्तुमान सारखंच असतं. आपण समीकरण जुळवतो ते याच नियमासाठी.

३. खालचा बारीक आकडा बदलून पटकन जुळतं. तसं केलं तर काय बिघडतं?

पदार्थच बदलतो. पहिल्या प्रश्नातल्या पाण्याचंच घ्या. उजवीकडे ऑक्सिजन कमी पडतोय म्हणून एच₂ओ च्या जागी एच₂ओ₂ लिहिलं, तर आकडे जुळतात. पण ते पाणी राहत नाही, तो हायड्रोजन पेरॉक्साइड होतो. औषधाच्या दुकानात जखम धुवायला मिळतो तो त्याचाच पातळ द्रव. मी मुलांसमोर दोन वाट्या ठेवते. एकीत पाणी, दुसरीत हा द्रव. दोन्हींत बटाट्याचा ताजा काप टाकते. पाण्यातला काप गप्प पडून राहतो, दुसऱ्या वाटीतल्या कापावर पांढरा फेस चढतो. एवढं पाहिल्यावर खालच्या आकड्याला कुणी हात लावत नाही.

सूत्र पदार्थाचं असतं, ते आपल्या सोयीने बदलता येत नाही. आधी सूत्रं नक्की करा, मग पेन सहगुणकांवर न्या.

४. सुरुवात कुठून करू? मी कुठूनही सुरू करतो आणि गुंता होतो.

बाणाच्या दोन्ही बाजूंना फक्त एकेकाच पदार्थात येणारं मूलद्रव्य आधी घ्या. जे तीन-चार ठिकाणी विखुरलंय ते शेवटी. बहुतेक वेळा धातू आधी, मग कार्बन, मग हायड्रोजन आणि सगळ्यात शेवटी ऑक्सिजन असा क्रम लागतो. एकटं उभं असलेलं मूलद्रव्य, म्हणजे ओ₂, एच₂ किंवा नुसतं लोखंड, अगदी शेवटी ठेवायचं. त्याचा आकडा बदलला तरी बाकी काही हलत नाही.

स्वयंपाकाच्या गॅसमधल्या ब्यूटेनचं ज्वलन घ्या:

सी₄एच₁₀ + ओ₂ → सीओ₂ + एच₂ओ

कार्बन चार, म्हणून ४ सीओ₂. हायड्रोजन दहा, म्हणून ५ एच₂ओ. आता उजवीकडे ऑक्सिजन ८ आणि ५ मिळून १३. डावीकडे तो दोन-दोनच्या जोडीने येतो आणि १३ विषम आहे. इथेच मुलं अडकतात आणि सगळं खोडून पुन्हा सुरुवात करतात. खोडू नका. ऑक्सिजन सोडून सगळं दुप्पट करा:

२ सी₄एच₁₀ + १३ ओ₂ → ८ सीओ₂ + १० एच₂ओ

उजवीकडे १६ आणि १० मिळून २६, डावीकडे १३ गुणिले २ म्हणजे २६. एका बाजूला विषम आकडा आला की दुप्पट करायचं, एवढी एक सवय लागली तर दहावीची निम्मी समीकरणं सुटतात.

५. साडेसहा ओ₂ असं लिहिलं तर चूक का?

गणित म्हणून चूक नाही. ब्यूटेनचा एकच मोल (रेणू मोजायचं ठरावीक माप) जाळला तर किती उष्णता मिळते हे सांगताना अकरावी-बारावीत अपूर्णांक लिहितातही. पण अर्धा रेणू नसतो, म्हणून दहावीपर्यंत पूर्णांकच लिहा. शेवटी सगळे आकडे एकाच संख्येने भागले जात असतील तर भागून लहान करा.

६. सल्फेट, नायट्रेट असे गट एकत्र मोजले तर चालतात का?

गट बाणाच्या दोन्ही बाजूंना जसाच्या तसा असेल तर जरूर मोजा, वेळ वाचतो. ॲल्युमिनियम सल्फेटमध्ये सल्फेटचे तीन गट आहेत, तर दुसऱ्या बाजूला तीन आणा, सल्फर आणि ऑक्सिजन वेगळे मोजत बसू नका. पण गट फुटत असेल तर हा मार्ग फसवतो. नायट्रिक आम्ल आणि तांब्याची अभिक्रिया हे त्याचं नेहमीचं उदाहरण. ते प्रश्न १७ मध्ये आहे.

७. पुस्तकात ‘वियोजन’, ‘उपचयन’ लिहिलंय आणि आजी ‘अपघटन’, ‘ऑक्सिडीकरण’ म्हणते. बरोबर कोण?

दोघंही. हिंदी पुस्तकातली संयोजन अभिक्रिया म्हणजे मराठीतली संयोग अभिक्रिया. वियोजन म्हणजे अपघटन. विस्थापन दोन्हीकडे विस्थापनच. द्विविस्थापन म्हणजे दुहेरी विस्थापन. उपचयन म्हणजे ऑक्सिडीकरण आणि अपचयन म्हणजे क्षपण. ऊष्माक्षेपी म्हणजे उष्मादायी, ऊष्माशोषी म्हणजे उष्माग्राही. तेल-तूप खराब होण्याला हिंदी पुस्तक विकृतगंधिता म्हणतं, आपण खवटपणा.

आजी-आजोबांना मनापासून सांगते, तुमचे शब्द सोडू नका. ‘खवट’ म्हटलं की जुन्या शेंगदाण्याची चव नातवाच्या जिभेवर येते. त्याला संकल्पना तुमच्या शब्दात कळू द्या, उत्तरपत्रिकेत तो पुस्तकाचा शब्द लिहील.

पदार्थांच्या नावांचंही तसंच. मोरचूद म्हणजे नीला थोथा, म्हणजे कॉपर सल्फेट. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. कळीचा चुना म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड, चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट आणि चुन्याची निवळी म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं स्वच्छ द्रावण.

८. अभिक्रियेचा प्रकार झटकन कसा ओळखू?

आधी दोन्ही बाजूंचे पदार्थ मोजा. अनेकांचा एक झाला तर संयोग. एकाचे अनेक झाले तर अपघटन. एक मूलद्रव्य आणि एक संयुग गेलं आणि तसंच एक मूलद्रव्य आणि एक संयुग आलं, तर विस्थापन. दोन संयुगं गेली, जोड्या बदलल्या आणि दोन नवी संयुगं आली, तर दुहेरी विस्थापन.

आम्ल आणि आम्लारीचं उदासिनीकरण दुहेरी विस्थापनातच बसतं. पांढरा किंवा पिवळा साका खाली बसतो ती अवक्षेपाची अभिक्रियाही बहुतेक वेळा तीच. लेड नायट्रेट आणि पोटॅशियम आयोडाइड मिसळल्यावर झेंडूसारखा पिवळा अवक्षेप येतो, तो लेड आयोडाइडचा.

९. एकच अभिक्रिया दोन प्रकारांत बसते. परीक्षेत काय लिहू?

बसणारच, कारण ही वर्गवारी एकाच निकषावर केलेली नाही. संयोग-अपघटन हे पदार्थांच्या मांडणीवरून ठरतं, उष्मादायी-उष्माग्राही उष्णतेवरून, ऑक्सिडीकरण-क्षपण इलेक्ट्रॉनच्या देवाणघेवाणीवरून. कोळसा जळून कार्बन डायऑक्साइड होतो, तो संयोग आहे, ज्वलन आहे, उष्मादायी आहे आणि ऑक्सिडीकरणही आहे. प्रश्नात जो निकष विचारलाय त्याचं नाव आधी लिहा. जागा असेल तर बाकीचेही लिहा.

इथे एक फसवी जागा आहे. ‘संयोग म्हणजे ऑक्सिडीकरण’ असं समीकरण डोक्यात बसवू नका. कळीचा चुना आणि पाणी एकत्र येऊन विरलेला चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड होतो, तो संयोग आहे, पण त्यात कुणाचं ऑक्सिडीकरणही होत नाही आणि क्षपणही नाही. मूलद्रव्य संयुगातल्या मूलद्रव्याला बाहेर काढतं त्या विस्थापनात मात्र इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण नेहमी असते, आणि दुहेरी विस्थापनात ती कधीच नसते.

१०. चुन्याच्या निवळीत फुंकलं की ती दुधाळ होते, आणखी फुंकलं की पुन्हा स्वच्छ. हे कसं काय?

या एका चुन्याच्या जिवावर अख्खा धडा शिकवता येतो, म्हणून इथे जरा थांबते.

चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना आणि कार्बन डायऑक्साइड मिळतो. हे अपघटन, आणि त्याला सतत उष्णता द्यावी लागते. कळीच्या चुन्यावर पाणी टाकलं की तो फुसफुसतो, फुटतो, बादली हाताला चटका देते. हा संयोग, आणि उष्मादायी. असा विरलेला चुना भिंतीला दिला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन दोन-तीन दिवसांत त्याचा कॅल्शियम कार्बोनेटचा चकचकीत थर होतो. म्हणजे भट्टीत जे निघालं होतं तेच भिंतीवर परत आलं.

निवळीतही हेच घडतं:

सीए(ओएच)₂ + सीओ₂ → सीए-सीओ₃ + एच₂ओ

कॅल्शियम कार्बोनेट पाण्यात विरघळत नाही, म्हणून निवळी दुधाळ दिसते. फुंकत राहिलात की जास्तीचा कार्बन डायऑक्साइड त्याच्याशी आणि पाण्याशी जोडला जातो:

सीए-सीओ₃ + एच₂ओ + सीओ₂ → सीए(एच-सीओ₃)₂

हा कॅल्शियम हायड्रोजन कार्बोनेट विरघळतो, म्हणून द्रावण पुन्हा स्वच्छ. दोन्ही समीकरणं आकडे न लावताच जुळलेली आहेत, मोजून बघा. दुसरी उघड संयोग आहे. पहिलीचा प्रकार विचारला तर मुलं गोंधळतात, कारण ती प्रश्न ८ मधल्या चार खणांत नीट बसत नाही. आम्लधर्मी ऑक्साइड आणि आम्लारी मिळून क्षार आणि पाणी होतं, म्हणून तिला उदासिनीकरणासारखी अभिक्रिया म्हणणं योग्य. घरी करून बघायची असेल तर नळीने हलकेच फुंका, तोंडात ओढू नका. आणि कळीचा चुना विरवणं मोठ्यांनीच करायचं, तो डोळ्यांत उडाला तर डोळ्याला मोठी इजा होते.

११. आमच्याकडे बोरिंगचं पाणी आहे. गीझरमध्ये पांढरा थर येतो, तो हाच का?

बराचसा हाच. वरचं दुसरं समीकरण उलटं फिरवा. जमिनीखालच्या पाण्यात विरघळलेला कॅल्शियम हायड्रोजन कार्बोनेट तापला की तुटतो:

सीए(एच-सीओ₃)₂ → सीए-सीओ₃ + एच₂ओ + सीओ₂

एकाचे तीन झाले, म्हणजे अपघटन. गरम पाण्याच्या पातेल्याच्या तळाशी हाताला खरखरीत लागतं ते हे. त्यावर व्हिनेगर ओतून अर्धा तास ठेवा. बारीक बुडबुडे येतात आणि थर सैल होतो. नर्मदेचा नळ आणि बोरिंग दोन्ही असतील, तर दोन पातेल्यांत तेवढंच पाणी पूर्ण आटवून तळ शेजारी शेजारी ठेवा. मुलांना समीकरण बोटांनी चाचपता येतं.

१२. गौरी-गणपतीची चांदीची भांडी काळी पडतात. ॲल्युमिनियमच्या कागदाने ती उजळतात, ही कुठली अभिक्रिया?

विस्थापन. हवेत अगदी थोडा हायड्रोजन सल्फाइड असतो, त्याने चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर येतो. चांदी कुठेही गेलेली नसते, ती त्या थरातच असते. ॲल्युमिनियम चांदीपेक्षा कितीतरी जास्त क्रियाशील, म्हणून ते गंधक स्वतःकडे ओढतं आणि चांदी मोकळी करतं:

३ एजी₂एस + २ एएल → ६ एजी + एएल₂एस₃

गेल्या वर्षी माझ्या सासूबाईंच्या निरांजनावर मुलांनी हे करून पाहिलं. ताटलीत ॲल्युमिनियमचा कागद, त्यावर निरांजन, वरून कढत पाणी आणि दोन चमचे खाण्याचा सोडा. मिनिटभरात सडक्या अंड्यासारखा वास आला आणि वातीच्या खळग्याभोवतीचा काळेपणा कडेकडेने मागे सरकला. वास येतो कारण तयार झालेला ॲल्युमिनियम सल्फाइड पाण्याने तुटतो आणि हायड्रोजन सल्फाइड सुटतो. खिडकी उघडी ठेवा, आणि भांडं कागदाला टेकलेलंच हवं, नाहीतर काही होत नाही. चिंचेने किंवा पावडरीने घासलं की थराबरोबर चांदीही थोडी झिजते, या पद्धतीत ती जागेवर परत बसते.

१३. समीकरण जुळलं म्हणजे ती अभिक्रिया होतेच ना?

नाही. दहावीत सगळ्यात जास्त गुण इथे जातात.

मोरचुदाच्या निळ्या द्रावणात लोखंडी खिळा टाकला की त्यावर तांबूस थर चढतो आणि निळा रंग हळूहळू फिका हिरवट होतो. लोखंडाने तांब्याला बाहेर काढलं. आता उलटं लिहा, फेरस सल्फेटमध्ये तांब्याची तार. कागदावर तेही एकास एक जुळतं, पण तार आठवडाभर तशीच राहील. तांबं लोखंडापेक्षा कमी क्रियाशील आहे, ते त्याला हटवू शकत नाही. म्हणून विस्थापन लिहिण्याआधी क्रियाशीलतेची श्रेणी, म्हणजे जास्त क्रियाशील धातूपासून कमी क्रियाशील धातूपर्यंतची यादी बघा.

दुहेरी विस्थापनाचीही अट आहे. अवक्षेप, वायू किंवा पाण्यासारखा फारसे आयन (विद्युतभार असलेले कण) न देणारा पदार्थ तयार व्हायला हवा. मीठ आणि पोटॅशियम नायट्रेट यांची द्रावणं मिसळली तर चारही आयन पाण्यात तसेच फिरत राहतात. तिथे ‘अभिक्रिया होत नाही’ हेच पूर्ण गुणांचं उत्तर.

१४. कापूर डबीत उडून जातो त्याचं समीकरण काय?

डबीतला कापूर घनातून थेट वायू होतो. ते संप्लवन, म्हणजे भौतिक बदल. कापूर कापूरच राहतो, त्यामुळे जुळवण्यासारखं काही नाही. आरतीत पेटवलेला कापूर मात्र जळतो, आणि तो जुळवायला सुंदर आहे, कारण त्याच्या आतच ऑक्सिजनचा एक अणू आहे:

२ सी₁₀एच₁₆ओ + २७ ओ₂ → २० सीओ₂ + १६ एच₂ओ

उजवीकडे ऑक्सिजन ४० आणि १६ मिळून ५६. डावीकडे ५४ हवेतले आणि २ कापरातलेच. इंधनातला ऑक्सिजन मोजायला विसरलात तर २८ ओ₂ येतं, आणि ही चूक दर वर्षी अर्धा वर्ग करतो. अल्कोहोल आणि ग्लुकोजच्या ज्वलनातही हेच लक्षात ठेवा. आरतीच्या ताम्हणावर जी काजळी धरते ती सांगते, की सगळा कापूर या समीकरणाप्रमाणे जळलेला नाही. त्याबद्दल प्रश्न १९ बघा.

१५. ऑक्सिजन नाही तरी ऑक्सिडीकरण कसं?

ऑक्सिजन मिळणं किंवा हायड्रोजन जाणं ही जुनी व्याख्या. ती चुकीची नाही, अपुरी आहे. इलेक्ट्रॉन देणं म्हणजे ऑक्सिडीकरण, घेणं म्हणजे क्षपण. सोडियम क्लोरीनमध्ये जळतो तेव्हा ऑक्सिजन कुठेच नसतो, तरी सोडियम इलेक्ट्रॉन देतो आणि क्लोरीन घेतो. एकाने दिल्याशिवाय दुसरा घेणार कुठून, म्हणून या दोन गोष्टी कायम जोडीने घडतात.

१६. लिंबू आणि खाण्याचा सोडा फसफसतो. हे दुहेरी विस्थापन की अपघटन?

आधी दुहेरी विस्थापन, आणि लगेच अपघटन. जोड्या बदलून जे कार्बोनिक आम्ल तयार होतं ते टिकत नाही, त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं. उजवीकडे तीन पदार्थ दिसतात ते यामुळे. लिंबातल्या सायट्रिक आम्लाचे तीन हायड्रोजन निघू शकतात, म्हणून सोड्याचे तीन लागतात:

सी₆एच₈ओ₇ + ३ एनए-एच-सीओ₃ → एनए₃-सी₆एच₅ओ₇ + ३ एच₂ओ + ३ सीओ₂

आम्ल न घालता नुसता सोडा तापवला तर मात्र सरळ अपघटन. सोडा नुसताच घातला की पदार्थाला धुण्याच्या सोड्यासारखी कडवट चव येते, कारण मागे सोडियम कार्बोनेट उरतं.

याच्याशी जोडून एक गोष्ट सगळ्या घरांना कळकळीने सांगते. दिवाळीच्या सफाईत संडास धुण्याचं आम्ल आणि कपड्यांचं ब्लीच कधीही एकत्र करू नका:

एनए-ओ-सीएल + २ एच-सीएल → एनए-सीएल + सीएल₂ + एच₂ओ

बाहेर येतो तो क्लोरीन वायू, फुप्फुसं जाळणारा. चुकून झालंच तर आधी बाहेर मोकळ्या हवेत जा, साफसफाई नंतर.

१७. तांबं आणि नायट्रिक आम्लाचं समीकरण तासभर जुळवलं, जुळत नाही!

अंदाजाने ते फार वेळ खातं. बीजगणित वापरा. पातळ आम्लाची अभिक्रिया अशी:

अ सीयू + ब एच-एनओ₃ → क सीयू(एनओ₃)₂ + ड एनओ + ई एच₂ओ

तांब्यावरून अ = क. हायड्रोजनवरून ब = २ई. नायट्रोजनवरून ब = २क + ड. ऑक्सिजनवरून ३ब = ६क + ड + ई. ब च्या जागी २ई ठेवा, मग ड = २ई − २क. हे ऑक्सिजनच्या ओळीत घातलं की ६ई = ४क + ३ई, म्हणजे ३ई = ४क. सगळ्यात लहान पूर्णांक घ्यायचे तर क = ३ आणि ई = ४. उरलेले आपोआप येतात:

३ सीयू + ८ एच-एनओ₃ → ३ सीयू(एनओ₃)₂ + २ एनओ + ४ एच₂ओ

आठ नायट्रेटपैकी सहा तसेच राहिले, दोन फुटून नायट्रिक ऑक्साइड झाले. गट म्हणून मोजलं असतं तर हे कधीच जुळलं नसतं. संहत आम्ल घेतलं तर उत्पादितच वेगळं, तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड, आणि प्रमाण एकास चार. म्हणून आम्ल पातळ की संहत हे प्रश्नात वाचल्याशिवाय पेन उचलू नका.

१८. माझं आणि मैत्रिणीचं उत्तर वेगळं आहे, आणि दोन्ही जुळतात. असं होऊ शकतं?

होऊ शकतं, आणि ज्या मुलीने हा प्रश्न पाठवला तिचं मला फार कौतुक वाटलं. अभिक्रिया होती आम्लयुक्त पोटॅशियम परमँगनेट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांची. एकीने पेरॉक्साइडचे ५ रेणू घेतले:

२ के-एमएन-ओ₄ + ५ एच₂ओ₂ + ३ एच₂एसओ₄ → के₂एसओ₄ + २ एमएन-एसओ₄ + ५ ओ₂ + ८ एच₂ओ

दुसरीने ७ घेतले, आणि तिच्याकडे ६ ओ₂ आणि १० एच₂ओ आले. दोन्ही मोजून बघा, एकही अणू चुकत नाही. कारण दुसरीच्या उत्तरात एक वेगळीच अभिक्रिया मिसळली आहे, पेरॉक्साइडचं स्वतःचं अपघटन, २ एच₂ओ₂ → २ एच₂ओ + ओ₂. ते स्वतः जुळलेलं आहे, त्यामुळे कितीही वेळा मिळवलं तरी हिशेब बिघडत नाही.

बरोबर कुठलं, हे इलेक्ट्रॉन सांगतात. मँगनीजची ऑक्सिडीकरण संख्या (अणूने किती इलेक्ट्रॉन दिले-घेतले ते सांगणारा आकडा) +७ वरून +२ वर येते, म्हणजे तो ५ इलेक्ट्रॉन घेतो, दोन मँगनीज १० घेतात. पेरॉक्साइडचा एक रेणू ऑक्सिजन होताना २ देतो. दहा द्यायला पाच रेणू पुरतात. म्हणून पहिलं उत्तर. नुसते अणू मोजून इथे निकाल लागत नाही.

१९. जुळलेल्या समीकरणातून काय कळत नाही?

वेग कळत नाही, किती उष्णता निघेल ते कळत नाही, आणि पुरेशी हवा होती का तेही नाही. ब्यूटेनचं प्रश्न ४ मधलं समीकरण जुळलेलं आहे. हेही जुळलेलं आहे:

२ सी₄एच₁₀ + ९ ओ₂ → ८ सीओ + १० एच₂ओ

हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो जीव घेतो. इंदूरच्या थंडीत न्हाणीघराची खिडकी बंद करून गॅसचा गीझर लावू नका. पिवळी, काजळी धरणारी ज्योत दिसली तर बर्नर तपासून घ्या. इंदूरच्या देवगुराडियाला २०२२ मध्ये ओल्या कचऱ्यापासून वायू करण्याचा, रोज ५५० टन क्षमतेचा प्रकल्प सुरू झाला. त्या वायूतला मिथेन नीट जळला तर सीएच₄ + २ ओ₂ → सीओ₂ + २ एच₂ओ. तिथेही हवा पुरली नाही तर हाच धोका.

आणि भोपाळ. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी शिरलं. त्याचं समीकरण एकास एक आहे, सहगुणकही लागत नाही:

सीएच₃-एनसीओ + एच₂ओ → सीएच₃-एनएच₂ + सीओ₂

पण ही अभिक्रिया उष्मादायी आहे. उष्णतेने वेग वाढला, वेगाने उष्णता, वायूने दाब, आणि टाकीतला विषारी वायू झोपलेल्या वस्तीवर गेला. ‘उष्मादायी’ हा शब्द शिकवताना दर वर्षी हे समीकरण मी फळ्यावर लिहिते आणि मुलांना बाणाच्या पुढे ‘+ उष्णता’ स्वतःच्या हाताने लिहायला लावते.

२०. माझा प्रश्न यात नाही. कसा पाठवू?

वहीच्या पानाचा फोटो काढा आणि खोडलेलं तसंच दिसू द्या. स्वच्छ उतरवलेलं चुकीचं उत्तर पाहून मला फारसं काही कळत नाही. कुठे थांबलात, कुठला आकडा तीनदा बदललात, हे खोडलेल्या ओळींतच दिसतं. पदार्थ घरात असेल तर तो कसा दिसतो, रंग बदलला का, भांडं तापलं का, तेही एका ओळीत लिहा.